तेराव्या नाण्याचा नवस

मी चांदीची नमुना-मुद्रा बोलतेय. गेल्या शुक्रवारी मी देवळातल्या कँडेलारिया मातेला नवस बोलले, "आई, मला या माणसाच्या डबीत जाऊ देऊ नकोस. मग कुणी कितीही घासलं, तरी मी कुरकुर करणार नाही." माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सगळं सांगते.

माझा जन्म पोतोसी या चांदीच्या खाणींच्या गावातल्या टांकसाळीतला. स्पेनच्या राजाचा नवा मुखडा नाण्यावर कसा दिसेल, हे बघायला आम्हा काही जणींना ठोकलं. साहेबांना राजाचं नाक पसंत पडलं नाही. नाक राजाचं आणि शिक्षा आम्हाला! माझ्या बहिणी पुन्हा भट्टीत गेल्या. मी लहानखुरी, घाव घालणाऱ्या कामगाराने मला चघळायच्या कोकाच्या पानांसोबत गालात धरून घरी नेलं.

बाजारात मी कधी चालले नाही. मला मान मिळाला तो लग्नात. इथे नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो. त्या घरातली तेरावी मी. आदल्या दिवशी घरातली थोरली बाई आम्हाला राख-लिंबाने घासते. नाही घासलं, तर मागच्या जोडप्यांची भांडणं चिकटून येतात म्हणे. मला ते घासणं कधीच आवडलं नाही.

शनिवारी नेलिदाचं लग्न होतं. शुक्रवारी तिचा बाप वाल्दो सुक्रे शहरातून जुनी नाणी जमवणाऱ्या एका संग्राहकाला घेऊन आला, डॉन लेआंद्रोला. त्याने भिंगातून मला उलटसुलट पाहिलं.

"हिची जोड जगात नाही! बाई, हा काळा थर जपा. धुतलीत की मेली ही."

"आमच्यात पारोशी नाणी लग्नाला जात नाहीत," नेलिदाची आजी हर्मोखेना म्हणाली.

वाल्दो चिडला. "आई, हिच्या पैशांत छप्पर नवं होईल! तेरावं नाणं मी दुकानातून आणतो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल, बाबा," शिवण खाली न ठेवता नेलिदा म्हणाली. "ओंजळ माझी आहे ना?"

"तुझं काय जातंय? उद्या तू नवऱ्याच्या घरी. पाणी गळतं ते आजीच्या खाटेवर!"

डॉन लेआंद्रो उठला. "मी डबी घेऊन येतो. आत कापूस आहे, हवासुद्धा लागणार नाही." याला तो प्रेम म्हणतो! माझ्या अंगाचा भडका उडाला. भट्टीने निदान बहिणींना दुसरा जन्म तरी दिला. हा मला जिवंतपणी पुरणार होता. तेव्हाच मी तो नवस बोलले.

तो गल्लीबाहेर जाताच हर्मोखेनाने परात घेतली. बाराजणींना हलक्या हाताने धुतलं. माझ्यासाठी मात्र चुलीतली जाडीभरडी राख काढली, वर अख्खं लिंबू पिळलं आणि घासघास घासलं. राजाची भुवई गेली. नाकही गेलं, बरं झालं. मी हूं की चूं केलं नाही.

डॉन लेआंद्रो आला आणि किंचाळला, "अहो, खून केलात तुम्ही हिचा!"

"खून कसला? आंघोळ घातली."

त्याने भिंग लावलं, मान हलवली आणि मला परातीत टाकलं. "आता ही नुसती चांदी."

"मग ठेवा इथेच. आम्हाला चालते."

वाल्दो आईवर रुसला. तिने जांभळ्या मक्याचं गरम आपी पुढे ठेवलं. ते तो प्यायला, पण भिंतीकडे तोंड करून.

शनिवारी देवळात नवऱ्याने नाणी ओतली. बाराजणी पडल्या. मी त्याच्या घामेजल्या तळव्याला चिकटले. "दे की रे!" म्हणत नेलिदाने त्याचं मनगट हलवलं. माणसं हसली. मी तिच्या ओंजळीत पडले. वाल्दोने बाही डोळ्यांना लावली, माझ्यादेखत.

छप्पर गळतंच आहे. हर्मोखेनाने खाट सरकवून घेतली.

आणि तुम्ही? लेकी-सुनांच्या हाती पडायला जन्मलेलं काहीतरी तुमच्याही कपाटात कापसात गुदमरत असेल. किंमत वाढतेय म्हणून त्याला कोंडू नका. बाहेर काढा, धुवा, कुणाच्या तरी हातात द्या. झिजेल ते, झिजू द्या. कुरकुर करणार नाही, असा नवस माझ्यासारखा तुम्हीही बोला.