सगुणाचे दात

दाक्तर माझ्या मुलीच्या तोंडात बोट घालून "चौदा" म्हणाला आणि ती चौदा वर्षांची झाली. आत गेली तेव्हा ती आठची होती. परकर गुडघ्यांच्या वर चढला, बाह्या उसवल्या. मी दारातच उभी होते. पदर पुढे करून मी तिला झाकलं.

"आई, घरी जाऊ," ती म्हणाली. आवाज आठ वर्षांचाच होता.

चौदा वर्षांच्या आतल्या पोरांना गिरणीत अर्धाच दिवस राबवायचं, असा कायदा आला होता. म्हणून गिरणीनं दाक्तर आणला होता. तो दात बघायचा, वय सांगायचा, आणि पोर तेवढं व्हायचं. बाकीच्या बायकांच्या मुलीही अशाच वाढल्या होत्या.

सगुणा माझ्याच खात्यात आली. आम्ही रिळांवर सूत गुंडाळायचो. दुपारच्या सुट्टीत ती कोपऱ्यात बसून तुटक्या रिळांची भातुकली मांडायची. भोंगा झाला की मी ती पायानं मोडायचे. दुसरं काय करणार?

आमच्या खात्यावर, बायकांच्या कामावर देखरेखीला, हौसाबाई नायकीण होती. मी तिला म्हटलं, "मला माझी पोर होती तशी परत पाहिजे."

"रखमे, ते दाक्तरचं काम. मी रिळं बघते."

मी सगुणाला घेऊन दाक्तरकडे गेले. तो म्हणाला, "मला वय वाढवता येतं. कमी करता येत नाही."

"मग कुणाला येतं?"

"पुन्हा तपासतो. आ कर गं."

मी "नको, नको" म्हणेपर्यंत सगुणानं आ केला होता. ती मोठ्यांचं ऐकायची, मीच तसं शिकवलं होतं.

"तीस," तो म्हणाला.

आता ती माझ्याएवढी झाली. माझं दुसरं लुगडं तिला नीट बसलं. घरी मात्र ती माझा अंगठा मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती, आणि तिची मूठ आता इतकी घट्ट होती की सकाळी माझा अंगठा निळा पडलेला असायचा.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. सोबत सगुणाला नेलं, हौसाबाईही आली. साहेबांनी आम्हा दोघींना आळीपाळीनं पाहिलं.

"यातली आई कोण?"

"मी," मी म्हटलं.

"जी दमलेली दिसते ती," हौसाबाई म्हणाली आणि सगुणाकडे बोट केलं.

"मग तक्रार आईनं करावी," साहेब म्हणाले. ते सगुणाकडे वळले. "बोला बाई."

"मला भातुकली पाहिजे," सगुणा म्हणाली.

साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि तिला दाक्तरकडे पाठवलं. मी ओरडले. तिचा हात धरून मागे ओढू लागले. पण दाक्तरच्या दारात आमच्या मागे पोरीबाळी घेतलेल्या बायकांची रांग लागली होती, आणि त्या "पुढं सरक की गं" म्हणत आम्हाला रेटत होत्या. त्यांनाही कामावर जायचं होतं.

दाक्तरनं या वेळी आकडा सांगितलाच नाही. तो नुसता चाचपत राहिला. सगुणाचे केस पिकले, पाठ वाकली, आणि दात एकेक करून त्याच्या तळहातावर पडले.

"दात नाहीत," तो म्हणाला.

"आत्ता पडले, साहेब. हे काय, तुमच्या हातात आहेत," मी म्हटलं.

"नाहीत म्हणजे अजून यायचेत." त्यानं हात झटकला. "पुढची!"

हौसाबाईनं सगुणाला काखेत उचललं आणि तान्ह्या पोरांच्या खोलीत नेलं. मला तिच्यामागे जाऊ दिलं नाही. पोरांच्या आयांनी सुट्टीतच यायचं, असा तिथला नियम होता. मी रिळांपाशी उभी राहिले. सूत सारखं तुटत होतं. गाठ मारायला बोटं वळत नव्हती.

सुट्टी झाली तशी मी धावले. खोलीत झोळ्यांची रांग होती. सांभाळणारी म्हातारी कंटाळून म्हणाली, "अफूची गोळी दिली हिला. तरी झोपंना."

शेवटच्या झोळीतून सगुणाचे सुरकुतलेले पाय बाहेर लोंबत होते. मला पाहून तिनं ओठ चोखल्यासारखे हलवले. मी बांधून आणलेली भाकरी खाली ठेवली. माझी छाती दुधानं दाटून आली होती, ओली झाली होती. मी चोळीची गाठ सोडू लागले.