नाकाचा टवका उडालेली ठकी

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. मी एक म्हातारी लाकडी बाहुली आहे, मला ठकी म्हणतात. तुम्हाला मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. मुलांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म सावंतवाडीचा. एका कारागिराने पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून मला घडवलं, लाखेने रंगवलं आणि नाक जरा चढंच ठेवलं. त्या नाकाचा मला भारी गर्व होता. मग दत्ताराम नावाच्या गिरणी कामगाराने मला विकत घेतलं, मुंबईला लालबागच्या चाळीत आणलं आणि आपल्या शकूच्या हातात दिलं. शकूने पहिल्याच दिवशी मला मोरीत नेऊन खसाखसा आंघोळ घातली. लाकडाला कुणी आंघोळ घालतं का? पण सांगणार कोण.

शकूची जिवाभावाची मैत्रीण हंसा त्याच मजल्यावर राहायची. तिचे वडील राजकोटहून बदली होऊन सचिवालयात कारकून म्हणून आले होते. एका मे महिन्यात दोघींनी माझं लग्न हंसाच्या कापडी बाहुल्याशी लावलं. रुमालाचा अंतरपाट आणि चुरमुऱ्यांचं रुखवत. मला कुणी विचारलं नाही. नवऱ्याच्या पोटात नुसता कापूस, उभा केला की कोसळायचा. तेव्हापासून हंसाचं घर माझं सासर आणि शकूचं माहेर. दोघी विहिणी झाल्या आणि खऱ्या विहिणींसारख्या मानपानावरून भांडू लागल्या. खरं सांगते, ते दिवस मला आवडले होते.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. खालून मोर्चा गेला की दोघी गॅलरीच्या कठड्याला लटकून 'झालाच पाहिजे' असं घसा बसेपर्यंत ओरडायच्या. हंसाचा आवाज जास्त मोठा. आत तिची आई, तिची बा, दार लोटून बसायची, कारण गुजराती म्हणून चाळीतली काही माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली होती आणि नळावर तिची बादली पायाने मागे सरकवायची. मोठ्यांविषयीही माझं मत चांगलं नाही.

आणि एकदाचा महाराष्ट्र झाला. चाळीत कंदील लागले, घरोघर पेढे वाटले गेले. त्याच सुमारास गुजरात वेगळं झाल्यामुळे हंसाच्या वडिलांची नेमणूक अहमदाबादला झाल्याचं कळलं. शकूने बापाच्या हातातल्या पेढ्यांच्या ताटलीला फटका मारला. मग ती तडक हंसाच्या दारात गेली.

"माझी ठकी परत दे. लग्न मोडलं," ती म्हणाली.

हंसा काही बोलायच्या आत तिने मला तंगडीला धरून ओढलं. मी उंबऱ्यावर आपटले आणि माझ्या नाकाचा टवका उडाला. घरी आणून तिने मला कोळशाच्या डब्यात फेकलं. मी तिचा मनापासून द्वेष केला. दत्ताराम तिची समजूत घालत होता, "रडतंस कित्याक? दुसरी मैत्रीण मेळतली." ठकी फुटली तर दुसरी आणू म्हणणारी माणसं हीच. शकूने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि जेवणही टाकलं.

शेगडी पेटवायला शकूच्या आईने, जाईबाईने, डब्यात हात घातला आणि मी वर आले.

"लेकीक कोळशात घातलंस?"

"लग्न मोडलंय. ती लांब चाललीय," शकू म्हणाली.

"सासर लांब पडला म्हणान लग्न मोडतत? माझ्या आयेन माका मालवणाक मुंबयच्या बोटीत बसयल्यान. रडली ती. पण माका परत मागूक नाय."

शकू हळूच म्हणाली, "मीच ओरडत होते ना, झालाच पाहिजे म्हणून. मीच तिला घालवलं."

जाईबाई हसली नाही. "तुझ्या ओरडण्यान नाय झाला ता. त्याच्यासाठी माणसा मेली. आणि हंसापण ओरडत होती ना? जा, तिकाच इचार."

तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि मला शकूच्या हातात दिलं.

हंसाच्या घरी सामानाची बांधाबांध चालली होती. ती पाठ करून बसली होती. "मिळालं ना तुमचं राज्य? आता कशाला आलीस?"

"तू पण ओरडत होतीस."

"मला काय माहीत, आमचंच सामान बांधतील म्हणून," हंसा म्हणाली आणि रडू लागली. शकूही रडली. माझ्या अंगावर दोघींचं पाणी. तेवढ्यात हंसाला माझं नाक दिसलं. तिने डोळे पुसले.

"आमच्या सुनेचं नाक कुणी फोडलं?"

"तुमच्या उंबऱ्यावर फुटलं. तुम्हीच रंगवा."

"माहेरच्यांनी फोडलं, माहेरच्यांनीच रंगवायचं. दिवाळीला रंग घेऊन या आणि मुलीला न्यायला पण या. मुराळी आल्याशिवाय आम्ही सून धाडत नाही."

सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. शकू म्हणाली, "येणारच. तेव्हा बघून घेते तुम्हाला."

मी अहमदाबादला गेले. मागे शकू कितीतरी दिवस कुणाशी धड बोलली नाही, खेळायला बोलावणाऱ्या पोरीला तिने बोचकारलं म्हणे. पण दिवाळीत ती बापाला ओढत आलीच, लाल रंगाची डबी घेऊन. हंसाने डबी उघडून नाक मुरडलं. "हा लाल आमच्या सुनेला शोभत नाही." पुढच्या खेपेला हंसा मला माहेराहून न्यायला आली, तेव्हा तिने आणलेला रंग शकूने नापास केला.

आता दोघींचे केस पिकलेत. भांडण मिटलेलं नाही आणि नाकही तसंच आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमची मैत्रीण गाव सोडून चालली तर शहाण्यासारखा निरोप देऊ नका. रडा, चिडा आणि एक भांडण अर्धं ठेवा. आणि कुणाला चित्रकलेची हौस असेल, तर रंग घेऊन माझ्याजवळ फिरकायचं नाही. या फुटक्या नाकापायी दोन म्हाताऱ्या अजून एकमेकींकडे येतात.