दुरुस्तीला गेलेला ट्रम्पेट

रागनाने टॉयलेट पेपरचा आणखी एक गठ्ठा टेम्पोतून उतरवून शाळेच्या भिंतीशी लावला, तेवढ्यात मागून ओड्रुनचा आवाज आला.

"अगं, तो सात नंबरचा ट्रम्पेट अजून दुरुस्तीलाच आहे का?"

रागना वळली नाही. गठ्ठा सरळच होता, तरी तिने तो पुन्हा सरळ केला.

"आहे ना."

"सहा महिने? त्या माणसाने पितळ वितळवून नवा ओतायला घेतलाय की काय?"

शेजारी गठ्ठे मोजणाऱ्या दोघीतिघी आया हसल्या. शाळेच्या बँडसाठी दर वसंतात हे श्रमदान ठरलेलं. मुलांनी वाजवायचं आणि आईबापांनी दारोदार टॉयलेट पेपर विकायचा. ओड्रुन बँडच्या समितीची अध्यक्ष होती आणि तिच्या नजरेतून एक सुरळीसुद्धा सुटत नसे.

"शुक्रवारी मी बर्गनला चाललेय," ओड्रुन म्हणाली. "येताना उचलून आणते. दुकानाचं नाव तेवढं सांग."

दुकान नव्हतंच.

"नको, नको. आलाय तो. कालच आला. घरी आहे माझ्या."

"मग आत्ता काय म्हणालीस, दुरुस्तीला आहे म्हणून?"

"डोकं ठिकाणावर नाही गं माझं. या गठ्ठ्यांच्या नादात."

"बरं. आज सहाला सराव आहे, घेऊन ये. ती तुवा बिचारी जानेवारीपासून वाट बघतेय. सतरा मेची, राष्ट्रीय दिनाची मिरवणूक पाच आठवड्यांवर आली."

तुवा हे नाव रागनाला माहीत होतं. बँडच्या वाद्यांची यादी पाच वर्षं रागनाच ठेवत होती. वय नऊ, ट्रम्पेट हवा, शिल्लक नाही, असं तिनेच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि पान उलटलं होतं.

सात नंबरचा ट्रम्पेट आधी तिच्या लेकीकडे, सिन्नेकडे असायचा. तेरावं लागलं आणि ऑक्टोबरात सिन्नेने बँड सोडला. परत करण्याआधी रागना तो कोमट पाण्यात धुवायला बसली. एवढी वर्षं तीच धूत आली होती. धुऊन, पुसून, कळांना तेल घालून झालं आणि मग तिने तो तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी यादीत तिने 'दुरुस्तीला' असं लिहिलं. आठवडाभर ठेवू, मग देऊन टाकू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आता एप्रिल उजाडला होता, आणि दर मंगळवारी-गुरुवारी समितीची बैठक आहे असं घरी सांगून ती खाडीकाठच्या आपल्या होडी ठेवायच्या खोपटात जाऊन वाजवत होती.

सांगून टाकायला काय हरकत होती? पण सांगायचं तरी काय? गेल्या शरदात ती काम करायची त्या दाताच्या दवाखान्यातल्या सगळ्यांची सहल गेली होती, तिथे प्रत्येकाने नाव आणि छंद सांगायचा होता. डॉक्टर डोंगरकडे चढतात. नर्स समुद्रात बुड्या मारते. रागना म्हणाली, स्कीइंग. अगदीच खोटं नव्हतं. दर रविवारी ती सिन्नेच्या स्कीजना मेण चोळून द्यायची आणि शर्यत संपेपर्यंत थर्मास घेऊन बर्फात उभी राहायची. परतीच्या वाटेवर तिला इतकं रडू आलं की तिने बसच्या खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःचं म्हणून एक वाक्य सांगता येऊ नये, याची तिला भयंकर लाज वाटली होती.

श्रमदान आटोपून सव्वापाचला ती खोपटात शिरली. पेटी उघडायची, ट्रम्पेट आत ठेवायचा आणि निघायचं, एवढंच काम होतं. पण हात ऐकेनात. तिने नेहमीसारखी लोकरीची टोपी ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडावर चढवली, आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊ नये म्हणून, आणि मिरवणुकीच्या गाण्यातला तो अवघड तुकडा वाजवायला घेतला. दोनदा चुकला. आजच्यानंतर हा बरोबर आलाच नाही तर, या विचारात तिसऱ्यांदाही चुकला.

दार धाडकन उघडलं. सिन्ने होती. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, चेहरा पांढराफटक. तिने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी होडीच्या मागे वाकून बघितलं, मग माळ्यावर.

"कोण आहे इथे?"

"कोण असणार? मीच आहे."

"खरं सांग, आई. कोण येतं इथे?"

"अगं, कोणी नाही! काय झालंय तुला?"

"मंगळवारी समितीची बैठक नसतेच," सिन्ने म्हणाली. "समितीतल्या एलीदाच्या आईने सांगितलं. बाबा पंधरा-पंधरा दिवस बोटीवर असतात, आणि तू केस नीट करून बाहेर जातेस. दोन महिने झाले, मी बाबांशी फोनवर नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारतेय. दुसरं काही तोंडातून निघून जाईल म्हणून."

आणि ती भोकाड पसरून रडायला लागली, लहानपणी रडायची तशी. रागना पुढे झाली, पण सिन्नेने तिचा हात झटकला. मग तिला ट्रम्पेट दिसला, त्यावरची टोपी दिसली.

"हा तर माझा आहे."

"बँडचा आहे."

"यासाठी खोटं बोललीस? या डबड्यासाठी?"

"हो."

"वेड लागलंय का तुला? सांगायचं ना नुसतं!"

रागनाने टोपी काढून हातात घेतली. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"तू सराव करायचीस ना, तेव्हा मी भांडी घासत तुझ्या चुका मोजायचे. मनात म्हणायचे, द्या तो इकडे, मी करते. तू बँड सोडलास तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं."

"नाही वाटलं?"

"नाही."

रागावावं की हसावं, हे सिन्नेला ठरवता येत नव्हतं. तिने बाहीने नाक पुसलं.

"वाईट वाजवत होतीस."

"माहितेय मला."

"मोठ्यांचा बँड आहे की, सोमवारी. तिथे का नाही जात?"

"तिथे वाजवता येणारी माणसं लागतात."

रागनाने ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि सहाच्या सरावाचं, तुवाचं, दुरुस्तीच्या थापेचं सगळं सांगून टाकलं. सिन्नेचे डोळे मोठे झाले.

"ओड्रुन तुला कच्चं खाईल, आई."

"खाऊ दे."

"मी येते तुझ्याबरोबर," सिन्ने म्हणाली आणि हेल्मेट न काढताच गाडीत बसली.

शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. मुलं बसली होती, भिंतीलगत आईबाप कॉफीचे पेले धरून उभे होते. ट्रम्पेटवाल्यांच्या रांगेत शेवटी एक दात पडलेली मुलगी होती. तिच्या हातात ट्रम्पेट नव्हता. फुंकायचं तेवढं सुटं पितळी तोंड होतं, अंगठ्याएवढं, आणि बाकीच्यांबरोबर ती त्यातून मन लावून भुणभुण आवाज काढत होती.

"तुवा जानेवारीपासून एवढ्यावरच वाजवतेय," ओड्रुन म्हणाली. "एक दिवस खाडा नाही. बघवत नाही गं."

रागनालाही बघवेना. तिने पेटी टेबलावर ठेवली. ओड्रुनने ट्रम्पेट बाहेर काढला, उजेडात धरला, तिन्ही कळा दाबून पाहिल्या. पितळ लखलखत होतं.

"काम मात्र झकास केलंय हं. काय झालं होतं याला?"

बँडमास्तरने हात खाली केला होता, त्यामुळे वाजवणं थांबलं होतं. प्रश्न सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"माझ्यामुळे राहिला तो," सिन्ने मध्येच म्हणाली. "मी बँड सोडला, पण मला नक्की ठरवता येत नव्हतं. परत यावंसं वाटलं तर असावा, म्हणून आईने माझ्यासाठी ठेवला. दुरुस्ती वगैरे काही नव्हती."

ओड्रुनचा चेहरा क्षणात पाघळला. भिंतीशी कुणीतरी "आईचा जीव तो!" म्हणालं आणि दोघीतिघींनी माना डोलावल्या.

"अगं मग सांगायचं नाही का?" ओड्रुनने रागनाच्या दंडावर हात ठेवला. "आम्ही काय परके आहोत? लेकरासाठी माणूस काय काय करतं, आम्हाला कळत नाही होय?"

झालं, मिटलं. रागनाने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. सिन्ने डोळ्यांनी तेच सांगत होती, हलव, हलव. रागनाला लेकीचं इतकं कौतुक वाटलं की तिचे डोळे भरून आले. मग तिने रांगेच्या टोकाला बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "ही मला वाचवायला खोटं बोलतेय. ट्रम्पेटला काही झालं नव्हतं. मी वाजवत होते."

"म्हणजे सिन्नेला शिकवायला?"

"नाही."

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

ओड्रुनने तिच्या दंडावरचा हात काढून घेतला.

"एका लहान मुलीला ताटकळत ठेवून?"

"हो."

"स्वतःची हौस म्हणून?"

"हो," रागना म्हणाली. शब्द स्पष्ट निघाला.

मघाशी माना डोलावणाऱ्या बायका आता आपापल्या पेल्यात बघत होत्या. ओड्रुनने तळहात पुढे केला.

"वाद्यांच्या खोलीची किल्ली दे."

जुडग्यातून किल्ली निघता निघेना. रागनाचं नख दुखावलं, कान तापले. पाच वर्षांत या खोलीत तिला कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. अखेर किल्ली सुटली. तिने ती ओड्रुनच्या हातावर ठेवली.

"मान हलवायची होती फक्त," सिन्ने कुजबुजली. "एवढंसुद्धा जमलं नाही तुला."

"नाही जमलं."

आता निघायला हवं होतं. पण रागना ट्रम्पेट उचलून रांगेच्या टोकाला गेली आणि तुवासमोर उकिडवी बसली.

"माफ कर मला. तुझी पाळी होती, ती मी घेतली."

तुवाचं माफीकडे लक्षच नव्हतं. तिने दोन्ही हातांनी ट्रम्पेट घेतला, छातीशी धरला, कळा दाबून पाहिल्या. मग गाल फुगवून सगळा जीव एकवटून फुंकर मारली. वासरू अडकून पडल्यासारखा एक बेंगरूळ आवाज निघाला. अख्खी रांग खिदळली. तुवा कानापर्यंत लाल झाली. तिने बँडमास्तरकडे पाहिलं नाही, भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या आईकडेही नाही.

"तुझा पहिला आवाज कसा आला होता?" तिने रागनाला हळूच विचारलं.

"असाच. याच्याहून वाईट. न्हाणीघरात."

"कुणी हसलं?"

"घरात कुणी नव्हतं. तरी मी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून."

"मग काय केलंस?"

बँडमास्तर छडीने टेबलावर ठोकत होता. दाराशी ओड्रुन किल्ली मुठीत धरून तिच्या निघण्याची वाट बघत उभी होती.

"पुन्हा वाजवला," रागना म्हणाली.