मंगळवारचे ढग

पत्र वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसं पत्रात बिचाऱ्यांनी काहीच वावगं लिहिलं नव्हतं. दूरच्या एका वेधशाळेला गुरुवारी एक फुटलेला तारा सापडला होता, सुपरनोव्हा, आणि तो नेमका कधी फुटला हे त्यांना ठरवायचं होतं. ‘त्या जागेचा फोटो तुम्ही दर तिसऱ्या दिवशी घेता असं कळलं. मंगळवारचा पाठवाल का? त्यात काहीच दिसत नसेल तर फारच उत्तम.’

काहीच दिसत नसेल तर उत्तम! सहा वर्षं ती हेच घसा फोडून सांगत होती. दुर्बिणीने कधी कुठे बघायचं ते ती ठरवायची, म्हणून तिला सगळे वेळापत्रकबाईच म्हणायचे. त्या वेळापत्रकात तिच्या स्वतःच्या शोधाच्या बारा जागा होत्या. एकेकीला चार मिनिटं, दर तिसऱ्या दिवशी. “परवाच बघितलंत की तिथे! होतं का काही?” असं म्हणून लोक तिची चेष्टा करायचे. अरे, परवा तिथे काही नव्हतं हे माहीत असल्याशिवाय आज काही आलंय हे कळणार कसं, कपाळ?

आणि नेमका मंगळवारचाच फोटो नव्हता. मंगळवारी अंधार पडता पडता संचालकसाहेब पाहुण्यांचा लवाजमा घेऊन हजर झाले होते. पाहुण्यांना शनी बघायचा होता.

“साहेब, फक्त चार मिनिटं थांबा,” ती म्हणाली होती. “नववी जागा पश्चिमेला टेकलीय, आत्ता गेली की गेली. शनी कुठे पळून जात नाही, दोन तासांनीही तिथेच असेल.”

साहेब पाहुण्यांकडे वळून हसले. “आमच्या वेळापत्रकबाई भारी कडक आहेत हं!” पाहुणेही हसले. मग दीड तास शनीची कडी बघणं चाललं. पाहुण्यांच्या मेव्हण्याने तर तीनदा बघितली, मेल्याने! तोवर नववी जागा मावळून गेली, आणि आता तारा फुटला होता तोही नेमका तिथेच.

ती पत्र घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ढग होते म्हणून कळवा.”

“ढग? मंगळवारी? आकाश धुतल्यासारखं लख्ख होतं, साहेब!”

“एक शब्द लिहायचाय हो. त्यात कोणाचं काय जातंय?”

“तारे किती वेळा फुटतात हे लोक आपल्या नोंदींवरून मोजतात. सहा वर्षांत मी एक खोटी ओळ लिहिलेली नाही!”

“मग नका लिहू,” साहेब गोड आवाजात म्हणाले. “पण पाहुण्यांसाठी दुर्बीण अडवली असं बाहेर गेलं, तर तुमच्या बारा जागांना पुढच्या तिमाहीत वेळ मिळेल अशी आशा ठेवू नका. उद्या सकाळपर्यंत काय ते ठरवा.”

ती तणतणत घरी आली. चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे. सहा वर्षांचा शोध एका मेव्हण्यापायी पाण्यात! पण नुसते ढगच तर लिहायचे होते. दोन अक्षरं. जागा तरी वाचतील. कुठल्या ढगाची कोण चौकशी करणार आहे?

सासूबाई साखरेची वही पुढे करून उभ्या होत्या. गेल्या महिन्यात त्यांनी तीन दिवस न मोजताच मनाने आकडे ठोकून दिले होते. ते बघून डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि सासूबाई चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्या. तेव्हा हिने त्यांना फैलावर घेतलं होतं. “आई, मोजली नसेल तर मोजली नाही असं लिहा ना! खोटं कशाला लिहायचं?”

“आज राहिली बाई मोजायची,” सासूबाई भीतभीत म्हणाल्या. “लिहिलंय हो तसं. ओरडू नकोस.”

वहीत थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मोजली नाही.’ तिला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी तिने पत्राला उत्तर धाडलं: ‘मंगळवार. आकाश स्वच्छ. पाहिले नाही. दुर्बीण पाहुण्यांसाठी वापरली.’ साहेब शब्दाला जागले. तिमाही संपायचीही वाट न बघता दुपारीच आदेश आला, आणि बाराही जागा तिला स्वतःच्या हाताने वेळापत्रकातून खोडाव्या लागल्या. खोडताना तिचे डोळे भरून आले, रागाने जास्त.

नोंदवहीतून मात्र जागा काढायला कोणी सांगितलं नव्हतं. संगणकावरची ती वही तारा सापडल्यापासून रोज सकाळी आपोआप सगळ्या वेधशाळांना जायची. तिसऱ्या दिवशी तिने नवव्या जागेपुढे लिहिलं, ‘आकाश स्वच्छ. पाहिले नाही. कारण: संचालकांचा आदेश.’ सहाव्या दिवशी पुन्हा तेच. नवव्या दिवशी खरोखरच ढग होते, तेव्हा तिने ढग लिहिलं.

बाराव्या दिवशी साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. तीन वेधशाळांचे फोन येऊन गेले होते.

“अहो, हे असं किती दिवस लिहीत बसणार आहात?”

तिने मान वर केली नाही. “जितके दिवस बघत नाही, तितके दिवस.”