तिघांना मारलेल्या तीन थापा

मी-रानने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि थाप मारली.

"मला हल्ली मासळी चालत नाही. नुसत्या वासानंच पोटात ढवळतं."

समोरच्या क्वॉन बाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. माशाच्या वड्या करणाऱ्या कंपनीत चव आणि दर्जा तपासणारी प्रमुख बाई असं म्हणते, म्हणजे सोनाराला सोन्याची शिसारी यावी तसंच. पण बाई हसल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"कुणालाच नाही."

"मग इथेच राहील. या दाराबाहेर शब्द जायचा नाही."

आवाज इतका मऊ होता की मी-रानचे डोळे उगाचच भरून आले. क्षणभर तिला वाटलं, थाप राहू दे, खरं काय ते सांगून टाकावं. तिने ओठ मिटले आणि चहा संपवला.

ही सोय कंपनीनेच केली होती. बुसानच्या मुख्य कचेरीतल्या प्रत्येक विभागप्रमुखाला यंदा एक लाइफ कोच मिळणार होता. तिघांना एकेकदा भेटायचं आणि आपल्याला पटेल तो निवडायचा. 'मन मोकळं करा,' असं सूचनाफलकावर लिहिलं होतं, खाली हसरं चित्रही होतं.

त्याच आठवड्यात संचालक योम यांनी मी-रानला बोलावून दार लोटून घेतलं होतं.

"प्यो मॅडम, तुमच्याकडचा एक माणूस कमी करायचाय. राजीनामा तोच देईल, आपण फक्त सुचवायचं. सोमवारी मला नाव सांगा." मग खिडकीबाहेरच्या बोटींकडे बघत ते म्हणाले, "पेक साहेबांचंही वय झालंच आता."

पेक दुक-सू तिच्या हाताखाली होते, पण वयाने तिच्याहून बरेच मोठे. वडी बोटाने दाबून कशी बघायची, वाफेच्या वासावरून कच्चेपणा कसा ओळखायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. ती प्रमुख झाली त्या दिवशी सर्वांदेखत वाकून त्यांनी तिला "प्यो मॅडम" म्हटलं, तेव्हा कुठे बघावं हे तिलाच कळेना. त्यांचं नाव ती देऊ शकत नव्हती. आणि योम साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणून कंपनीत टिकलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

तिला कुणाशी तरी बोलायचं होतं. पण कोचचा पगार कंपनी देणार. बोललेलं वर पोचणार नाही कशावरून? म्हणून तिने तिघांना तीन वेगळ्या थापा मारल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या होंग यांना सांगितलं, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तरुण मून बाईंना सांगितलं, सुटीच्या दिवशी एकटीच डोंगर चढायला जाते. क्वॉन बाईंना मासळीचं सांगितलं.

हे माहीत होतं ते फक्त तिच्या विभागातल्या सोल-आला.

"ताई, तू कोच निवडतेयस की चोर पकडतेयस?"

"आधी चोर. मग कोच."

बुधवारी संध्याकाळी कचेरीचं जेवण होतं. बंदरालगतच्या खानावळीत सगळे मांडी घालून बसले. मधोमध कच्च्या माशांच्या पातळ कापांची मोठी परात आली. मी-रानने योम साहेबांचा दारूचा पेला दोन्ही हातांनी भरला, त्यांनी तिचा भरला. मोठ्यांसमोर प्यायचं म्हणून तिने मान बाजूला वळवली, आणि तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकू आला.

"अहो मालकीणबाई, ती परात जरा पलीकडे सरकवा. आमच्या प्यो मॅडमना मासळीचा त्रास होतो. त्यांच्यासाठी डुकराचं मांस भाजून आणा."

तिने पेला तसाच ओठांशी धरून ठेवला. सोजू संपली होती, तरी मान परत वळवायला तिला वेळ लागला.

"प्यो मॅडमना मासळीचा त्रास?" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. "काल दुपारी माझ्या ताटातली बांगड्याची तुकडी कुणी पळवली मग? मांजरीनं?"

सगळे हसले. सोल-आने खाली बघत मुळ्याचं लोणचं चिवडलं. पेक साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी मी-रानकडे काळजीने पाहिलं आणि आपल्या समोरचं गरम रश्शाचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

"रिकाम्या पोटी पिऊ नका, मॅडम."

"तब्येतीला जपा," योम साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि सोमवार विसरू नका."

परतताना सोल-आ तिच्या दंडाला धरून चालत होती.

"सापडली की तुझी चोर! मऊ बोलणारी निघाली. आता त्या होंग आजोबांना घे. तुझ्या कानाबद्दल चकार शब्द काढला नाही बिचाऱ्यांनी."

तिघांत मी-रानला क्वॉन बाईच आवडल्या होत्या, ते कुसळासारखं टोचत होतं. पण त्याहून वेगळंच काहीतरी तिच्या मनात घोळत होतं. योम साहेबांनी तिची गोष्ट ऐकली होती. रागावले नाहीत, उलट वेगळं ताट मागवलं. कुणी त्यांना तोंडावर सांगितलं नव्हतं, म्हणून ऐकताना त्यांना मान खाली घालावी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने क्वॉन बाईंचं नाव कळवलं.

"ताई!" सोल-आने तिला जिन्यात गाठलं. "डोकं फिरलंय का तुझं?"

"हळू बोल. जिन्यात आवाज घुमतो."

शुक्रवारी क्वॉन बाईंनी पुन्हा चहा ओतला. मी-रानने पेल्याला हात लावला नाही. गुडघ्यांवर तळवे ठेवून ती ताठ बसली आणि लहान मुलांना शुद्धलेखन घालावं तशी, एकेक वाक्य सुटं करून बोलू लागली.

"माझ्याकडे एक नाव मागितलंय. पेक साहेबांचं. ते मी देणार नाही. नाव द्यावंच लागलं, तर माझं देईन."

"एवढं ओझं आहे मनावर?"

"अजून आहे. गेल्या चुसॉकच्या सणाआधी शीतगृह बिघडलं होतं. माल आंबला होता. तरी गाड्या सोडा, असा वरून फोन आला. पेक साहेबांनी गाडीपुढे उभं राहून त्या अडवल्या, आणि ओरडाही तेच खाऊन आले. तो माल बाजारात गेला असता, तर फोन करणारा माणूस आज खुर्चीवर नसता. फोन कुणाचा होता, हे पेक साहेबांनी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही. मी शेजारी उभी होते, म्हणून मला माहीत आहे."

क्वॉन बाईंचा हात किटलीवरच थांबला.

"मीही गप्पच राहिले," मी-रान म्हणाली. "पण आम्ही दोघंही बाहेर गेलो, तर मग कुणासाठी गप्प राहायचं, ते मला कळत नाही." बाईंच्या डोळ्यांकडे बघत तिने शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

"हे... संचालकांशी बोललात?"

"छे हो! मोठ्या माणसाच्या तोंडावर असं बोलतात का? मी आपलं मन मोकळं करतेय."

"बरं केलंत. इथेच राहील," बाई म्हणाल्या. आवाज मागच्याइतका मऊ नव्हता.

शनिवार-रविवार मी-रानला जेवण गेलं नाही. सोमवारी सकाळपासून ती टेबलावरच्या फोनकडे बघत होती. तो वाजला नाही. दुपारच्या आधी मात्र चाचणीच्या खोलीचं दार उघडलं आणि योम साहेब स्वतः आत आले. इतक्या वर्षांत ते कधी इथवर खाली उतरले नव्हते. सगळे खुर्च्या सरकवत उभे राहिले.

ते तिच्यासमोरून पुढे गेले, पेक साहेबांपाशी थांबले, आणि आधी त्यांनीच मान लववली. पेक साहेब गडबडून त्यांच्याहून खाली वाकले.

"पेक साहेब, यंदाच्या चुसॉकच्या मालावर तुमचीच नजर असू द्या. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"हो, हो साहेब," पेक साहेब म्हणाले. हे कशाबद्दल, ते त्यांना काही कळलं नव्हतं.

परत जाताना योम साहेब मी-रानच्या टेबलापाशी रेंगाळले. तिच्याकडे न बघता त्यांनी टेबलावरची एक वडी उचलली, बोटाने दाबून पाहिली.

"त्या क्वॉन बाईंचा काही उपयोग होतोय का?"

"खूप होतोय, साहेब."



"मग चालू ठेवा," ते म्हणाले, आणि वडी न खाताच बशीत ठेवून निघून गेले.