कडेपर्यंत चीज

त्या रविवारी बाइंडरच्या घरात दाराजवळ एक निळी बॅग भरून ठेवलेली होती. तिच्याकडे बघवत नाही म्हणून हा बाबा स्वयंपाकघरात जायला बाल्कनीतून वळसा घालत होता. स्वतःच्याच घरात चोरासारखा. वय बघा, टक्कल बघा, आणि हा उद्योग बघा!

बॅग बायकोच्या मुलीची. म्हणजे आता त्याचीही मुलगी म्हणायला हरकत नव्हती, पण लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी तेवढं म्हणायची हिंमत काही त्याला झाली नव्हती. चौदा वर्षांच्या पोरीला आयता बाप आणून दिला तर ती काय आनंदाने नाचणार आहे? तिच्या मावशीचं घर शाळेच्या कोपऱ्यावर. तिथे स्वतंत्र खोली, बरोबरीची मावसबहीण. इथे काय, तर खाली बाइंडिंगचा कारखाना, वर दोन खोल्या, आणि जिना चढून थेट उशीपर्यंत येणारा खळीचा वास. मावशी म्हणाली, तिला माझ्याकडे राहू दे. बायकोने निर्णय मुलीवर सोडला. रविवारी संध्याकाळी मावशी गाडी घेऊन येईल, तेव्हा जायचं की राहायचं ते तिने सांगायचं.

"आणि अहो, तुम्ही तिला काही विचारू नका," बायको हॉस्पिटलात ड्यूटीला निघताना म्हणाली. "तुम्ही विचारलंत तर भिडेखातर राहते म्हणेल आणि मग तोंड फुगवून बसेल. तिचं तिला ठरवू द्या."

आता न विचारणं म्हणजे बाइंडरला शिक्षाच. जिभेवर प्रश्न, आणि समोर पोरगी कानात ती गाण्याची बोंडकं घालून सोफ्यावर आडवी. तिने राहावं असं त्याला फार वाटत होतं. इतकं वाटत होतं की त्याचं त्यालाच हसू येत होतं. शेवटी त्याने जो प्रश्न विचारता येत होता तो विचारला.

"जेवायला काय करू?"

"केसाडिया," ती मान वर न करता म्हणाली.

"हात्तिच्या! एवढंच?"

नावावरून त्याला ते केसांचं तेल वाटलं होतं. पण एकदा 'एवढंच' म्हणून बसल्यावर मागे फिरणार कसा? तो बाल्कनीतून वळसा घालून स्वयंपाकघरात गेला आणि मोबाइलवर शोधलं. एक बाई तव्यावर गोल, पातळ टॉर्टिया, म्हणजे आपली मैद्याची पोळीच, टाकत होती. तिच्यावर चीज, मका, ढोबळी मिरची, मग अर्धी घडी, मग उलथन्याने जरा दाब. झालं! बाइंडरच्या अंगात एकदम बारा हत्तींचं बळ आलं. घडी घालायची, आत भरायचं, दाबायचं. अरे, जन्मभर दुसरं केलंय काय आपण?

"कारखान्यात रोज शेकड्याने करतो असली कामं!" त्याने बाहेर ऐकू जाईल अशा बेताने ठोकून दिलं.

दुकानातून सामान आणलं. ढोबळी मिरची चिरून झाली. मग व्हिडिओ पुन्हा लावला, तर ती बाई चीज मधोमध टाकत होती आणि कडा चक्क कोरड्या सोडत होती. बाइंडरचं डोकंच फिरलं. कारखान्यात पुठ्ठ्याला खळ लावताना कोणी कड सुटू दिली, की तो आख्खा पुठ्ठा परत करायला लावायचा. कोरडी राहिलेली कड आधी सुटते, मग सगळं पुस्तक सुटतं. "हिला कामावर ठेवलं कुणी?" असं म्हणत त्याने मोबाइल पालथा घातला. ती बाई पुढे काय सांगत होती ते ऐकायची तसदी घेईल तर तो बाइंडर कसला.

त्याने मका, मिरची पसरून चीज लावलं. मधून बाहेर, बाहेरून कडेला, अगदी काठोकाठ. टॉर्टियाची घडी घातली, कडेला कड तंतोतंत जुळवली. घडीवरून फिरवायची हाडाची पट्टी कारखान्यातून आणली, धुतली आणि टॉर्टियावरून अशी फिरवली की कारखान्यातल्या पोरांनी बघून शिकावं. मग ते तव्यावर ठेवलं. आणि दाब? उलथन्याने दाबायला आपण काय हौशी आहोत? त्याने खाली जाऊन लोखंडी वजन उचलून आणलं, स्वच्छ घासलं, आणि दिलं वर ठेवून.

थोडा वेळ छान गेला. तो कमरेवर हात ठेवून तव्याकडे बघत उभा होता. आता पोरगी येणार, एक घास खाणार, म्हणणार, वा. मग बॅग आपोआप कपाटात जाणार. सगळं मनातल्या मनात व्यवस्थित पार पडलं.

मग चीज बाहेर यायला लागलं. आधी एका बाजूने, मग चारी बाजूंनी. त्याबद्दल बाइंडरचा नियम पक्का होता: खळ बाहेर आली तर पुसायची, वजन हलवायचं नाही. त्याने फडकं घेतलं आणि पुसायला गेला. फडकं चीजला चिकटलं, चीज तव्याला चिकटलं. तो फडकं ओढतो तर चीजची तार ही एवढी लांब, आणि खालून धूर.

"काय चाललंय?" पोरगी दारात उभी. कानातली बोंडकं हातात.

"दाबतोय," बाइंडर खोकत म्हणाला.

"का?"

"बसायला नको?"

"कुणी?"

तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि मग तिचं लक्ष वजनाकडे गेलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती ओट्याला धरून खाली बसली आणि पोट धरून हसली. वर्षभरात बाइंडरने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यालाही हसू आलं, पण आपल्याच फजितीवर किती हसायचं याचा अंदाज येईना, म्हणून तो मधेच थांबला.

तिने दोन्ही हातांत फडकी धरून वजन उतरवलं. केसाडियाचा झाला होता पुठ्ठा. आत बघितलं तर दोन मक्याचे दाणे.

"आतलं गेलं कुठे सगळं?"

"कडेला," बाइंडर ओशाळून म्हणाला.

तव्यावर भोवताली चीजची तांबूस जाळी झाली होती. तिने हाडाची पट्टी उचलली, जाळीखाली सरकवली, एक तुकडा कडकन मोडला आणि तोंडात टाकला. मग दुसरा टाकला. तिसरा खाताना तिने डोळे मिटले.

"भारी आहे हे," ती म्हणाली.

दोघांनी उभ्याउभ्याच तवा खरवडून खाल्ला. म्हणजे तिने खाल्ला. बाइंडरच्या वाट्याला फडक्याला चिकटलेलं आलं, तेही त्याने सोडलं नाही. मग तिने त्याला कड सोडून दुसरा केसाडिया करायला लावला. तो अगदी व्हिडिओतल्यासारखा झाला. दोघांनी निमूट खाल्ला आणि पुन्हा तव्याकडे बघितलं.

नंतर ती बाहेर गेली. बाइंडर तवा घासत राहिला. बाहेरून तिचा फोनवरचा आवाज येत होता: "अगं, लोखंडी वजन! खरंच! शपथ! वर म्हणतात, बसायला नको?"

बाइंडरने काय ते ओळखलं. मावसबहिणीला सांगत होती. जायच्या आधीची शेवटची गंमत. हसवलंस, शहाण्या, पण राहायला कोण विदूषकाच्या घरी येतं? आणि तिने तरी तोंडावर कसं सांगावं, की मी निघाले? तिला ते अवघड जाणार. आपल्यालाही जाणार. भर दारात डोळ्यांत पाणी आलं तर आणखी शोभा.

खाली हॉर्न वाजला. पोरगी आत तोंड धूत होती. बाइंडरने या वेळी वळसा घातला नाही. सरळ दाराशी गेला, बॅग उचलली आणि जिना उतरायला लागला. बॅग अगदीच हलकी लागली. बिचारीने वर्षभरात या घरात काही साठवलंच नाही, असं त्याच्या मनात आलं.

मावशी गाडीला टेकून उभी होती. "भावोजी, तुम्ही कशाला आणलीत? काय म्हणाली ती?"

"म्हणायचं काय त्यात," बाइंडर कसाबसा म्हणाला. त्याने बॅग डिकीत ठेवली आणि झाकण दोन्ही हातांनी, सवयीप्रमाणे, सगळा भार टाकून दाबलं.

"ओ!" वरून हाक आली. पोरगी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती, तोंड अजून ओलं. "माझी बॅग कुठे निघाली?"

"मावशीकडे... तू जाणार ना?"

"मी कधी म्हटलं?"

"अगं, भरली होतीस ना!"

"मघाशी रिकामी केली की! तुम्ही तवा घासत होता तेव्हा. हलकी नाही लागली?"

बाइंडर मावशीकडे बघायला लागला. मावशीने ओठ दाबून धरले होते, पण ते फार वेळ धरवेनात. त्याने घाईघाईने डिकी उघडायला घेतली. डिकी उघडेना. ओढली, हिसडली, खाली बोटं घालून पाहिली, छे! अशी बसवली होती की बापजन्मात सुटू नये. डोळे भरून आल्यामुळे त्याला कुलूप कुठे आहे तेही दिसत नव्हतं.

"राहू दे ती बॅग!" पोरगी वरून ओरडली. "आधी चीज आणा. आणि जास्त आणा, कडेने सांडायला हवं!"