माणशी चोवीस

"माणशी रोज चोवीस मिलिग्रॅम लोह," दीपा मॅडम संगणकाकडे बघत म्हणाल्या. "आणि व्हिएतनामच्या त्या डोंगरी गावांत अकरा. कोंडीबाकाका, तुमच्या तांड्यानं तर कमालच केली."

कोंडीबा नुसता हसला. हिंगोलीच्या बाजारात त्यानं पंचवीस वर्षं हळद तोलली होती. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मापाडीपण सुटलं. मग मॅडमच्या पुण्याच्या संस्थेनं त्याला हलकी वजनं दिली: लोकांच्या घरचं अन्न तोलायचं, लिहून आणायचं. दोन देशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये माणशी किती लोह आणि किती कॅल्शियम पोटात जातं, याची तुलना चालली होती. गोरेगावच्या पुढच्या तांड्यावरची सहा घरं कोंडीबानं मोजली होती, अगदी चटणीच्या चिमटीसकट.

"मग मॅडम, त्या गोळ्या न् अंडी कुनाला?"

"जिथं लोह कमी, तिथं. वर्षभर गरोदर बायांची तपासणी, गोळ्या, रोज एक अंडं. तुमच्याकडे गरजच निघाली नाही. चांगलंच आहे की."

"व्हय," कोंडीबा म्हणाला आणि बाहेर आला.

गोरेगावची जीप उभी होती. तो चढला, बसला, पण मन बसेना. कारण चोवीस कुठून आले ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

नियम असा होता की, न सांगता जायचं आणि घरात त्या दिवशी जे शिजलं असेल तेच तोलायचं. पण परक्या पुरुषानं अवचित उठून बायांच्या चुलीपाशी जायचं, हे कोंडीबाच्या मनाला पटेना. म्हणून तो आदल्या दिवशी तांड्यावर गेला आणि सहाही घरी सांगून आला, "उद्या येतो बाई, भांडी मोजायला. तिकडं परदेशाशी ताळा करायचा हाय."

एवढं ऐकल्यावर तांडा गप्प कसा बसेल? सहा घरांत मिळून एक बोकड पडला. दुसऱ्या दिवशी चुलीचुलीवर सळोई, म्हणजे बोकडाचं रक्त मसाल्यात शिजवून करतात ती, सणावाराची. रक्तात लोह असतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. कोंडीबानं ती सळोई ग्रॅमावर तोलली, लिहिली, आणि वर आग्रह झाला म्हणून वाटीभर खाल्लीसुद्धा. सगळी वजनं खरी होती. खोटा होता तो दिवस, आणि तो त्यानंच आणला होता.

त्या सहांतल्या अनुसयाबाईची सून रीता त्याच्या डोळ्यांपुढे आली. पाचवा महिना. त्या दिवशी वाढताना दोनदा भिंतीला टेकली होती. हळदीचा रंग पारखण्यात जन्म गेलेल्या माणसाला तिची पांढरी फटक नखं दिसली नव्हती असं नाही. दिसली होती, आणि तो मुकाट्यानं वाटी चाटत बसला होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो जीपमधून उतरला आणि मॅडमपुढे जाऊन सगळं ओकला.

मॅडमनी संगणकावरचा चोवीसचा आकडा पुसला. मग म्हणाल्या, "अहवाल परवा जातोय. आज न सांगता जाऊन पुन्हा मोजून आणा. पण काका, पुन्हा का मोजलं तेही लिहावं लागेल. पुढचं काम तुम्हाला देता येणार नाही."

"बराबर हाय," तो म्हणाला.

दुपारी तो अनुसयाबाईच्या दारात पोहोचला, तेव्हा घरची जेवणं उरकत आली होती. त्याला बघून ती खुशीत उठली, पण त्याच्या हातातला वजनकाटा दिसताच तिनं पटकन पातेल्यावर झाकण सरकवलं.

"काहून भाऊ, असं न सांगता? आन् काय निघालं मग? तिकडच्या लोकायपेक्षा आमी कमी न्हाई ना?"

"दुपटीनं जास्ती निघालात."

तिचा चेहरा उजळला. तो उजेड आता आपल्यालाच विझवायचा आहे, हे जाणून कोंडीबा उंबऱ्यातच बसला आणि मान खाली घालून त्यानं तिला सगळं सांगितलं. गोळ्यांचं, अंड्यांचं, कुणाच्या वाटचं कुणाकडे चाललं त्याचं.

"म्हंजे आमी इज्जत राखाय गेलो," अनुसयाबाई सावकाश म्हणाली, "न् पोरीच्या तोंडचं गेलं."

"तुमच्यानं न्हाई बाई. माज्यानं गेलं. म्या सांगाय नव्हतं पायजे."

"आन् आता आमचं रोजचं कागदावर लिवणार. ते तिकडचे लोक वाचणार."

"व्हय. तवाच गोळ्या न् अंडी इकडं वळतील."

ती आता हाकलून देईल, असं त्याला वाटलं. दिलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. तळाशी पळीभर तुरीचं वरण होतं, पाण्यासारखं.

"मोजा."

त्यानं मोजलं. टोपल्यात एक ज्वारीची भाकरी उरली होती, तीही मोजली. मग वही उघडली आणि आतल्या अंगाला पदर ओढून बसलेल्या रीताला विचारलं, "पोरी, तू किती खाल्ली?"

"पोटभर," रीता म्हणाली.

"खरं सांग," सासू म्हणाली.

रीतानं पदर आणखी पुढे ओढला. "अर्धी."

कोंडीबानं 'अर्धी' लिहिलं. तो वही मिटणार तोच अनुसयाबाई त्याच्यासमोर येऊन टेकली. गेल्या खेपेला तिच्या नावापुढे त्यानं दोन भाकरी लिहिल्या होत्या. तिनं सांगितल्या, त्यानं लिहिल्या.

"माजं बी लिवा, भाऊ," ती टोपल्यातल्या भाकरीकडे बोट करत म्हणाली. "ती राती लेकाला लागती. म्या आज अजून काई खाल्लं न्हाई."